शेतातल्या उंदीर-चिचुंद्रीतील जड धातू आणि शरीराचा प्रतिकार: मापनाचा क्रम कसा ठेवावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांमध्ये प्राणिशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी हा विषय घेणारा विद्यार्थी बहुधा एकाच वाटेने जातो. द्राक्षबागेतून काही उंदीर धरायचे, यकृत काढायचे, बाहेरच्या प्रयोगशाळेत धातू मोजून घ्यायचे, उरलेल्या तुकड्यावर एखाद-दुसरी जैवरासायनिक चाचणी करायची आणि आकडे जास्त आले की ‘विषबाधा आढळली’ असे लिहायचे. या पद्धतीने मिळालेल्या आकड्यांतून बहुतेक वेळा काहीच सिद्ध होत नाही. धातूचा आकडा म्हणजे विषबाधा नव्हे आणि संरक्षक प्रथिन वाढले म्हणजे इजा झाली असेही नव्हे. ही दोन्ही मापे एकाच प्राण्याच्या एकाच अवयवातून, त्या प्राण्याचे वय ठाऊक असताना आणि त्याला पकडताना झालेला त्रास नोंदलेला असताना घेतली, तरच त्यांचा अर्थ लागतो. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीसाठी आहे.

शरीरात काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक पायरीचे कारण तिथे आहे. अन्नातून आलेले कॅडमियम आधी यकृतात जाते. तिथे ते मेटॅलोथायोनिन या लहान प्रथिनाला बांधले जाते. सस्तन प्राण्यांत या प्रथिनात साधारण ६१ अमिनो आम्ले असून त्यांपैकी २० सिस्टीन असतात, आणि एक रेणू कॅडमियमचे किंवा जस्ताचे ७ आयन धरून ठेवतो. बांधलेले कॅडमियम हळूहळू रक्तावाटे मूत्रपिंडात पोचते, तिथल्या नलिका ते परत शोषून घेतात, आणि म्हणूनच वय वाढेल तसे मूत्रपिंडातील कॅडमियम वाढत जाते. शिशाचा मोठा साठा हाडांत होतो. तांबे आणि जस्त शरीराला लागतातच, त्यामुळे यकृत त्यांची पातळी स्वतः सांभाळते. बांधले न गेलेले धातू पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण करतात, आणि त्याला ग्लुटाथायोन, कॅटॅलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज यांची फळी तोंड देते.

१. परवानग्या

‘उंदीर उपद्रवी प्राणी आहे, त्याला परवानगी कशाला’ ही समजूत सोडून द्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची त्यात उरली नाही. त्यामुळे ज्या प्रजाती धराव्या लागतील त्या सर्वांची नावे देऊन वन विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे. संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची मंजुरी पिंजरा विकत घेण्याआधी घ्यावी. किती प्राणी लागतील, कोणत्या पद्धतीने वेदनारहित मरण दिले जाईल आणि नको असलेली प्रजाती सापडल्यास काय केले जाईल, हे त्या अर्जात स्पष्ट असावे. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि सागरेश्वर अभयारण्य यांच्या हद्दीत वेगळ्या परवानगीशिवाय एकही पिंजरा लावू नये.

शेतकऱ्याची संमती हीदेखील परवानगीच आहे. ती घेताना एक प्रश्न न चुकता विचारावा: गेल्या काही महिन्यांत बिळांत कोणते औषध टाकले होते? झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकलेल्या रानात जस्ताचे आकडे निरुपयोगी ठरतात.

२. जागांची जोडी निवडणे

सर्वांत जास्त प्रकल्प या पायरीवर फसतात, आणि नंतर कितीही महागडे यंत्र वापरले तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

तासगाव, मिरज किंवा कवठेमहांकाळ भागातील द्राक्षबाग ही ‘दूषित’ जागा म्हणून घेणे योग्य आहे, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी वर्षानुवर्षे मोरचूद आणि कळीच्या चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जात असल्याने मातीच्या वरच्या थरात तांबे साचण्याची शक्यता खरी आहे. अडचण तुलनेच्या जागेची असते. ‘स्वच्छ जागा’ म्हणून कासचे पठार किंवा महाबळेश्वरचा परिसर निवडला जातो. तिथली माती जांभ्याची, आम्लधर्मी आणि पावसाने धुतली गेलेली असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर द्राक्षपट्ट्यात त्याच्या जेमतेम आठव्या-दहाव्या हिश्श्याइतका. बागेतली काळी माती बेसाल्टपासून बनलेली असल्यामुळे तिच्यात तांबे, निकेल आणि क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतात. म्हणजे बागेत एकदाही फवारणी झाली नसती, तरी या दोन जागांचे आकडे वेगळेच आले असते. शिवाय आम्लधर्मी मातीत कॅडमियम मोकळे होते आणि गांडुळांत सहज शिरते, तर चुनखडीयुक्त काळ्या मातीत ते घट्ट धरून राहते. त्यामुळे ‘स्वच्छ’ पठारावरच्या चिचुंद्रीत कॅडमियम जास्त निघाले, तर त्यात आश्चर्य नाही.

तुलनेची जागा त्याच तालुक्यात, त्याच खोलीच्या काळ्या मातीत, त्याच पाण्यावर असलेली आणि द्राक्ष कधीच न लावलेली असावी. ज्वारीचे, हरभऱ्याचे किंवा शाळूचे जुने रान चालते. ऊस घेतला तर स्फुरदयुक्त खतांतून अशुद्धी म्हणून येणारे कॅडमियम हा नवा घटक वाढतो, म्हणून खतांचा इतिहास दोन्ही रानांचा सारखा आहे का ते पाहावे. पुणे-बंगळूरु महामार्गाच्या कडेची जागा शिशासाठी घेत असाल, तर लक्षात ठेवावे की शिसेयुक्त पेट्रोलची देशभरातील विक्री २००० साली बंद झाली असली तरी शिसे मातीच्या वरच्या थरातून सहजासहजी जात नाही. रस्त्यापासून काही दहा मीटर आत गेले की त्याचे प्रमाण झपाट्याने घसरते, म्हणून पिंजऱ्यांची रांग रस्त्याला समांतर आणि जवळ असावी. अडीचशे मीटर आतला उंदीर ‘महामार्गाचा’ ठरत नाही.

एका बागेतील बारा उंदीर म्हणजे बारा स्वतंत्र नमुने नव्हेत. बाग हा एक नमुना आहे. तीन बागा आणि तीन तुलनेची राने, प्रत्येकात थोडे प्राणी, ही रचना एका बागेतील भरपूर प्राण्यांपेक्षा कितीतरी चांगली.

*तपासणी:* प्रत्येक जागेवरून पिंजऱ्यांच्या रांगेतच, ० ते १५ सेंटिमीटर खोलीची माती घ्यावी. तिचा सामू, चुनखडीचे प्रमाण, एकूण धातू आणि डीटीपीए (मातीतील सहज सुटणारे धातू ओढून घेणारे रसायन) द्रावणात उतरणारे धातू अशी चारही मापे करावीत. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी माती परीक्षण प्रयोगशाळा डीटीपीए पद्धत नेहमी वापरतात, त्यामुळे ही सोय जवळपास मिळते. दोन्ही जागांचे सामू फार वेगळे आले, तर पिंजरे लावू नयेत, जागा बदलावी.

३. प्रजाती ठरवणे

‘लहान सस्तन प्राणी’ असा एकच गट करून सरासरी काढू नये. चिचुंद्री ही उंदीर नाही. ती कीटक आणि गांडुळे खाणारी असल्याने एकाच रानात राहूनही धान्य खाणाऱ्या उंदरापेक्षा तिच्यात कॅडमियम बरेच जास्त साचते, कारण गांडूळ मातीतील कॅडमियम स्वतःच्या शरीरात गोळा करते. युरोपातील जस्त वितळवणाऱ्या कारखान्यांच्या परिसरातही श्रू (चिचुंद्रीच्या कुळातील प्राणी) आणि उंदीर यांच्यात हाच फरक ठळक दिसला आहे.

आपल्याकडे बांधावर आणि उसाच्या फडात लहान घूस, म्हणजे बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस, सहज मिळते. मऊ केसांचा शेतउंदीर मिलार्डिया मेल्टाडा आणि इवलासा मस बूडुगाही सापडतात. लहान घूस निवडावी असे माझे मत आहे. तिचे यकृत सर्व चाचण्यांना पुरते आणि ती बिळाच्या आसपासच खाते. चिचुंद्री घ्यायची असेल, तर ती वस्तीजवळ वावरणारी असल्याने तिच्या शरीरातील शिसे जुन्या रंगाचे किंवा उकिरड्याचेही असू शकते, हे ध्यानात ठेवून वस्तीपासून दूरचेच प्राणी घ्यावेत.

४. पिंजरा, आमिष आणि रात्रीचा क्रम

बाजारात मिळणारा उंदराचा तारेचा पिंजरा या कामासाठी वापरू नये. त्याच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो आणि अडकलेली घूस सुटण्यासाठी ती तार रात्रभर कुरतडते. सकाळी पिंजरा उजेडात धरला, तर दाराजवळच्या तारांवर मुलामा निघून चकचकीत झालेले पट्टे दिसतात. ते जस्त प्राण्याच्या पोटात गेलेले असते, आणि जस्त हे मेटॅलोथायोनिन वाढवणाऱ्या सर्वांत प्रभावी घटकांपैकी एक आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, घडी होणारा शर्मन सापळा वापरावा.

मेटॅलोथायोनिन फक्त धातूंमुळे वाढते, ही दुसरी चुकीची समजूत. उपासमार, थंडी, दाह आणि तणावात वाढणारी स्टिरॉइड संप्रेरके यांमुळेही ते वाढते. संध्याकाळी सहाला अडकून सकाळी आठपर्यंत उपाशी बसलेल्या प्राण्याचे मेटॅलोथायोनिन आणि दोन तासांत बाहेर काढलेल्या प्राण्याचे मेटॅलोथायोनिन यांची तुलना करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा:

सापळे सूर्यास्तानंतर उघडावेत, दर तीन तासांनी पाहावेत आणि पहाटे बंद करावेत. हिवाळ्यात आत थोडा स्वच्छ कापूस ठेवावा. चिचुंद्रीची चयापचय क्रिया फार वेगवान असल्याने ती उपाशीपोटी सापळ्यात मरते. तिच्यासाठी फेऱ्या दोन तासांवर आणाव्यात आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवावा. प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे ‘शेवटच्या फेरीपासूनचे तास’ हा रकाना असावा.

आमिष म्हणून तेल लावलेली भाकरी आणि शेंगदाण्याचा कूट पुरेसा होतो. भुईमूग मातीतील कॅडमियम दाण्यात घेतो, म्हणून सर्व जागांसाठी एकाच पोत्यातील शेंगदाणे वापरावेत आणि त्यांतील थोडे मोजणीसाठी राखून ठेवावेत. चिचुंद्रीसाठी सुकट किंवा जवळा घालण्याची पद्धत आहे, ती टाळावी. समुद्री जीवांत आर्सेनिक आणि कॅडमियम असते आणि ते तुमच्या आकड्यांत येऊन बसते.

द्राक्षपट्ट्यात वेळही महत्त्वाची आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात आणि पानांवरचे ताजे तांबे केसांवर व आतड्यात सापडते. छाटणीआधीचे आणि नंतरचे नमुने एकत्र मिसळू नयेत, आणि दोन्ही जागांवर एकाच आठवड्यात काम करावे.

> इशारा: कराड, शिराळा, वाळवा भागात उसाच्या फडात बिबट्यांचा वावर आहे, आणि बांधावर रात्री घोणस असते. सापळे फडाच्या आत न लावता कडेला लावावेत, दोघांनी मिळून फेरी करावी आणि गमबूट घालावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यामुळे हातावर ओरखडा असताना हातमोज्यांशिवाय सापळा उचलू नये. काम केल्यानंतर आठ-दहा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना उंदीर हाताळल्याचे स्वतःहून सांगावे.

५. भांडी धुणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच वगळली जाते. धातूंसाठी वापरायची प्रत्येक बाटली, कुपी आणि नळी १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून ठेवावी, विआयनित पाण्याने तीनदा धुवावी आणि धूळ न लागेल अशी सुकवावी. हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचे असावेत, कारण पावडरीत आणि रबरी बुचांत जस्त असते. धातूंच्या तुकड्यासाठी सिरॅमिक पाते आणि प्लास्टिकचा चिमटा वापरावा. स्टीलची कात्री क्रोमियम आणि निकेल सोडते. त्वचा उघडण्यापुरती ती चालेल, यकृताला लावू नये.

६. प्राण्याच्या नोंदी आणि वय

मंजूर पद्धतीने प्राणी मृत झाल्यावर लगेच वजन, डोके-धड लांबी, लिंग आणि प्रजननाची अवस्था नोंदवावी. गाभण मादीचे वजन गर्भ काढून पुन्हा करावे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीच्या शरीरातील धातू हलत असतात, म्हणून तिचा गट वेगळा ठेवावा.

वयाची नोंद नसलेला कॅडमियमचा आकडा वाचता येत नाही. बागेत म्हातारे प्राणी आणि तुलनेच्या रानात पिल्ले सापडली, तर केवळ त्यामुळेच बाग ‘दूषित’ दिसेल. नुसत्या वजनावरून वय ठरवणे कच्चे आहे. चांगला मार्ग असा: दोन्ही डोळे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये किमान दोन आठवडे ठेवावेत, मग भिंग काढून वजन स्थिर होईपर्यंत सुकवावे आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोलावे. भिंग आयुष्यभर वाढत राहते, त्यामुळे हे वजन सापेक्ष वय दाखवते. महिन्यांत वय सांगण्याचा दावा मात्र त्यावरून करू नये.

७. विच्छेदन आणि यकृताची वाटणी

इथे घाई हवी आणि क्रमही हवा. पोट उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे जैवरासायनिक नमुन्याची असतात. धातू कुठेही पळून जात नाहीत, पण ग्लुटाथायोन खोलीच्या तापमानाला पाहता पाहता ऑक्सिडीकृत होते. बहुतेक विद्यार्थी उलटे करतात: आधी निवांतपणे धातूंचा तुकडा, मग छायाचित्रे, आणि शेवटी कोमट झालेल्या उरलेल्या यकृताचा तुकडा मेटॅलोथायोनिनसाठी.

क्रम असा:

१. यकृत बाहेर काढावे. घरच्या उंदरासारख्या रॅटस प्रजातींत पित्ताशय नसते, पण मस प्रजातींत आणि चिचुंद्रीत असते. ते न फोडता अलगद वेगळे करावे, कारण जादा तांबे शरीर पित्तावाटेच बाहेर टाकते आणि सांडलेले पित्त तांब्याचा आकडा बिघडवते.

२. बर्फावर ठेवलेल्या ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात रक्त निघेपर्यंत खळबळावे. लाल रक्तपेशींत कॅटॅलेज भरपूर असते. रक्ताळलेले यकृत म्हणजे कॅटॅलेजचा फुगलेला आकडा.

३. राखविरहित गाळणकागदावर टिपून पूर्ण यकृत तोलावे. हे वजन पुढे लागणार आहे.

४. प्रत्येक प्राण्यात एकाच खंडातून, शक्यतो डाव्या बाजूच्या मोठ्या खंडातून, तुकडे करावेत. पहिला तुकडा ग्लुटाथायोनसाठी थेट ५ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात. दुसरा मेटॅलोथायोनिन आणि कॅटॅलेजसारख्या विकरांसाठी (एन्झाइमांसाठी), लगेच द्रव नायट्रोजनमध्ये आणि नंतर उणे ८० अंशांवर. तिसरा धातूंसाठी, तोललेल्या आम्लधुतल्या कुपीत. चौथा ऊतीपरीक्षणासाठी १० टक्के बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये.

५. मूत्रपिंडांपैकी उजवे धातूंसाठी आणि डावे ऊतीपरीक्षणासाठी, प्रत्येक प्राण्यात तसेच. शिशासाठी मांडीचे हाड ठेवावे.

फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यातून धातू मोजू नयेत, आणि गोठवलेल्या तुकड्यावर ऊतीपरीक्षण करू नये.

छोट्या प्राण्यांत चौघांना पुरेल एवढे यकृत नसते. दहा ग्रॅमच्या मस बूडुगाचे यकृत सुमारे अर्धा ग्रॅम भरते. त्यातून ०.२ ग्रॅम धातूंसाठी, ०.२ ग्रॅम मेटॅलोथायोनिनसाठी आणि ०.१ ग्रॅम ग्लुटाथायोनसाठी गेले की संपले. कोणती चाचणी सोडायची, हे आधी ठरलेले असावे. टेबलावर ठरवायला गेल्यास प्रत्येक प्राण्यात वेगळी चाचणी सुटते.

*तपासणी:* यकृताचा पृष्ठभाग उजेडात नीट पाहावा. वाटाण्याएवढी पांढरट गाठ दिसली आणि ती चिरल्यावर आत गुंडाळी केलेला पांढरा कृमी निघाला, तर ती मांजरातील फीतकृमीची अळी असते आणि उंदरांत ती वारंवार आढळते. पांढरे रेषांसारखे ठिपके दिसले, तर कॅपिलारिया हेपॅटिका हा गोलकृमी असू शकतो. अशा यकृतात दाह चालू असतो आणि त्यामुळे मेटॅलोथायोनिन वाढलेले असते. प्राणी फेकून देऊ नये, नोंद करावी आणि विश्लेषणात तो वेगळा ठेवून पाहावा.

८. धातूंचे मापन

तुकडा ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा. पारा मोजायचा असेल तर तो भाग सुकवू नये, कारण पारा उडून जातो. ०.१ ते ०.२ ग्रॅम कोरडा नमुना ६५ टक्के नायट्रिक आम्ल आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मायक्रोवेव्ह पाचकात किंवा धूरकपाटातील तव्यावर, द्रावण स्वच्छ पारदर्शक होईपर्यंत पचवावे आणि विआयनित पाण्याने ठरावीक आकारमानाला आणावे.

> इशारा: चरबीयुक्त ऊतीवर परक्लोरिक आम्ल वापरू नये. स्फोट होतो. जुन्या प्रयोगवहीत तशी कृती लिहिलेली असली तरीही नाही.

यंत्र कोणते, हे गणित करून ठरवावे. समजा, कोरड्या यकृतात कॅडमियम ०.५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आहे. ०.१ ग्रॅम नमुन्यात ते ०.०५ मायक्रोग्रॅम असेल, आणि १० मिलिलिटर द्रावणात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम भरेल. साध्या ज्वालेच्या अणुशोषण यंत्रावर या पातळीचा आकडा भरवशाचा नसतो, आणि शिशाच्या बाबतीत परिस्थिती आणखी वाईट असते. तांबे आणि जस्त ज्वालेवर चालतील, कॅडमियम आणि शिशासाठी ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस ही जास्त संवेदनशील यंत्रे हवीत.

दर दहा नमुन्यांमागे एक कोरा नमुना, एक दुहेरी नमुना आणि प्रमाणित संदर्भ ऊती पचवावी. गुरांच्या यकृताची प्रमाणित पूड यासाठी मिळते. मोजणी बाहेर करून घेत असाल, तर ती पूड साध्या क्रमांकाखाली बाकीच्या नमुन्यांत मिसळून पाठवावी. प्रमाणपत्रातील मूल्याच्या ९० ते ११० टक्क्यांत उत्तर आले नाही, तर पूर्ण गठ्ठा परत मोजून घ्यावा, आणि तसा करार आधीच करून ठेवावा.

शोधमर्यादेखालच्या आकड्यांच्या जागी शून्य लिहू नये. असे आकडे किती आले ते सांगावे. कोरडे वजन की ओले वजन, हे प्रत्येक तक्त्यावर लिहिलेले असावे. यकृतात सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे एकच नमुना कोरड्या वजनावर तिपटीहून अधिक दिसतो. दोन अभ्यासांची तुलना करताना हा घोटाळा फार वेळा होतो.

९. प्रतिकाराचे मापन

मेटॅलोथायोनिनसाठी सर्वसाधारण प्रयोगशाळेत जमणारी पद्धत म्हणजे थंड इथेनॉल आणि क्लोरोफॉर्मने मोठी प्रथिने साक्याच्या रूपात काढून टाकणे, वरचे द्रावण आणखी इथेनॉलने साकळवून मेटॅलोथायोनिन मिळवणे आणि त्यातील थायोल गट एलमनच्या अभिकर्मकाने ४१२ नॅनोमीटरला मोजणे. २८० नॅनोमीटरला प्रथिन मोजायची सवय इथे उपयोगी नाही, कारण मेटॅलोथायोनिनमध्ये त्या तरंगलांबीला प्रकाश शोषणारी ॲरोमॅटिक अमिनो आम्लेच नसतात.

चुका तीन ठिकाणी होतात. सुरुवातीला यकृत वाटून एकजीव करण्याच्या द्रावणात ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घातलेले असते, आणि त्यातही थायोल गट असतो. साका नीट धुतला नाही, तर तोच मोजला जातो. दुसरी चूक म्हणजे, आलेख ग्लुटाथायोनच्या प्रमाण द्रावणावरून काढला जातो आणि ग्लुटाथायोनच्या रेणूत एकच थायोल असतो, तर मेटॅलोथायोनिनमध्ये २०. आलेखावरून आलेल्या नॅनोमोलला २० ने भागायचे राहिले की उत्तर वीसपट येते. प्रकाशित न झालेल्या कित्येक प्रबंधिकांतील अवाढव्य आकड्यांचे कारण एवढेच असावे, असा माझा समज आहे. तिसरी चूक, उणे ८० अंशांवरचा तुकडा पुन्हा पुन्हा वितळवून गोठवणे. एकदा वितळला, की त्याच दिवशी संपवावा.

कॅटॅलेज २४० नॅनोमीटरला हायड्रोजन पेरॉक्साइडच्या घटीवरून मोजावे आणि प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे लिहावे. मेदाच्या ऑक्सिडीकरणासाठीची ५३२ नॅनोमीटरची थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी शर्करांनाही रंग देते, त्यामुळे तिला एकट्याने पुरावा मानू नये. उकळताना नमुन्यातच नवे ऑक्सिडीकरण होऊ नये, म्हणून बीएचटी हे ऑक्सिडीकरणरोधक घालावे.

*तपासणी:* एकाच यकृताचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी संपूर्ण प्रक्रियेतून काढावेत. त्यांच्यातला फरक जागांमधल्या फरकाएवढाच आला, तर पुढे जाऊ नये.

१०. आकडे एकत्र ठेवून वाचणे

आधी एक हिशेब. ओल्या यकृतात कॅडमियम ११.२४ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असेल, तर ते १०० नॅनोमोल होते, कारण कॅडमियमचा अणुभार ११२.४ आहे. एक रेणू ७ आयन धरतो, म्हणजे हे सगळे बांधायला ग्रॅममागे किमान १४.३ नॅनोमोल मेटॅलोथायोनिन हवे. प्रत्यक्षात जास्तच लागते, कारण काही जागा जस्त आणि तांब्याने व्यापलेल्या असतात. प्रत्येक प्राण्यासाठी हा हिशेब करावा. मेटॅलोथायोनिन या किमान मूल्याच्या कितीतरी वर असेल तर प्रतिकार पुरा पडतो आहे. ते जवळपास किंवा खाली असेल, तर मोकळ्या कॅडमियमची शंका घेण्यास जागा आहे.

यानंतरच बाकीचे पाहावे. कॅडमियम जास्त, मेटॅलोथायोनिन जास्त, ग्लुटाथायोन आणि मेदाचे ऑक्सिडीकरण तुलनेच्या रानासारखेच, असे चित्र असेल तर ‘संपर्क आहे, संरक्षण टिकून आहे’ एवढेच लिहावे. कॅडमियम जास्त असून मेटॅलोथायोनिन त्या प्रमाणात वाढलेले नाही, ग्लुटाथायोन उतरले आहे, ऑक्सिडीकरण चढले आहे आणि मूत्रपिंडाच्या नलिकांत ऊतीपरीक्षणात बदल दिसतो आहे, अशा चार गोष्टी एकत्र आल्या तर इजा हा शब्द वापरता येईल. धातू कमी पण मेटॅलोथायोनिन जास्त आले, तर सापळ्यातील तासांचा रकाना, यकृतातील गाठींची नोंद आणि बिळांतील औषधाची माहिती काढून बघावी. उत्तर बहुधा तिथे असते.

द्राक्षबागेत मातीतील तांबे स्पष्टपणे जास्त असूनही यकृतातील तांबे दोन्हीकडे सारखेच निघेल, असे बऱ्याचदा घडेल. त्याचा अर्थ ‘संपर्क नाही’ असा करू नये. शरीर तांब्याची पातळी सांभाळते, आणि आतड्यातील पदार्थांचे तांबे वेगळे मोजले, तर संपर्क तिथे दिसतो.

सांख्यिकी करताना भिंगाचे वजन सहचल म्हणून घ्यावे, म्हणजे वयाचा परिणाम वेगळा काढता येतो, धातूंचे आकडे लॉगमध्ये बदलावेत आणि जागा हा घटक प्राण्यांच्या वर ठेवावा, म्हणजे एका जागेचे प्राणी स्वतंत्र नमुने म्हणून मोजले जात नाहीत. यकृताचे वजन ऋतूप्रमाणे बदलते, भुकेल्या प्राण्यात ते घटते आणि धातू तेवढाच राहून प्रमाण चढते. म्हणून ग्रॅममागील प्रमाणाबरोबर पूर्ण अवयवातील एकूण मायक्रोग्रॅमही द्यावेत. सातव्या पायरीत पूर्ण यकृत तोलायला सांगितले होते ते यासाठी.

अहवालाच्या मुख्य तक्त्यात प्रत्येक प्राण्याची एक ओळ असावी: जागा, तारीख, लिंग, प्रजननस्थिती, भिंगाचे वजन, सापळ्यातील तास, परजीवी, यकृताचे वजन, पाण्याचे प्रमाण, मग धातू आणि मग प्रतिकाराची मापे. सरासऱ्यांचा तक्ता त्यानंतर. कवटी आणि कातडी त्याच क्रमांकाने महाविद्यालयाच्या संग्रहात जमा करावी, म्हणजे प्रजातीबद्दल पुढे शंका आली तर ती तपासता येईल. मातीचा अहवाल, विशेषतः डीटीपीए तांब्याचा आकडा, शेतकऱ्याला मराठीत लिहून द्यावा. फवारणीचे पुढचे वेळापत्रक ठरवताना तो त्याच्या उपयोगी पडतो.